निग्रह आणि विवेक : मराठी ख्रिस्ती आत्मचरित्रातील सद्गुणविचार

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार आजवर प्रामुख्याने दोन अंगांनी झालेला आहे. धर्मप्रसाराचे साधन म्हणून त्याकडे पाहिले गेले, किंवा एकोणिसाव्या शतकातील समाजसुधारणेचा एक उपप्रवाह म्हणून त्याची नोंद घेतली गेली. दोन्ही दृष्टींना आपापले प्रयोजन आहे. परंतु दोहोंतही धर्मांतर ही एक घटना मानली जाते आणि त्या घटनेनंतर माणूस प्रत्यक्षात कसा जगला, आपल्या वासनांचे, रागलोभांचे आणि निर्णयांचे त्याने काय केले, हा प्रश्न बाजूला पडतो. ख्रिस्ती विचारपरंपरेच्या दृष्टीने मात्र हाच प्रश्न मध्यवर्ती आहे. बुद्धी, आत्मसंयम आणि सद्गुण यांच्या साहाय्याने आयुष्याला हेतुपूर्वक आकार देणे म्हणजे काय, याची चर्चा या परंपरेत सुमारे दोन हजार वर्षे चालू आहे. ही चर्चा मराठीत आली तेव्हा तिचे काय झाले, आणि तिचा सर्वांत परिपक्व आविष्कार धर्मशास्त्रीय ग्रंथांत न होता एका आत्मचरित्रात का झाला, याचा शोध घेणे हा या निबंधाचा हेतू आहे.

प्रथम परंपरेची थोडी उजळणी आवश्यक आहे. विवेक, न्याय, धैर्य आणि संयम हे चार प्रधान सद्गुण ख्रिस्ती विचाराने ग्रीकांकडून घेतले. प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये त्यांची मांडणी आहे. पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात आत्मसंयमाचा समावेश 'आत्म्याच्या फळां'त केला आणि एका महत्त्वाच्या फरकाची बीजे पेरली. ग्रीकांना संयम हे माणसाचे कर्तृत्व वाटत होते. पौलाच्या लेखी ते फळ होते, म्हणजे कोठूनतरी लाभलेल्या जीवनरसाचा परिणाम होता. पुढे ऑगस्टीनने चारही सद्गुणांची व्याख्या ईश्वरप्रेमाची चार रूपे अशी केली. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने ॲरिस्टॉटलचा आधार घेऊन या साऱ्याची पुनर्रचना केली आणि प्रधान सद्गुणांना श्रद्धा, आशा व प्रीती यांची जोड दिली. सोळाव्या शतकात ल्यूथरने या इमारतीच्या पायालाच हात घातला. सवयीने व सरावाने माणूस सद्गुणी होतो ही ॲरिस्टॉटलची कल्पना त्याला ईश्वरी कृपेच्या विरुद्ध वाटली, कारण तिच्यातून पुण्यसंचयाचा अहंकार जन्मतो असे त्याचे म्हणणे होते.

अक्वायनसच्या विवेचनातील दोन मुद्दे पुढील चर्चेसाठी लक्षात ठेवावयास हवेत. पहिला मुद्दा निग्रह आणि संयम यांतील भेदाचा. निग्रही माणसाच्या ठायी वासना प्रबळ असते, तो तिला दाबून धरतो. संयमी माणसाची वासनाच विवेकाशी जुळवून घेते. म्हणजे निग्रह ही लढाई आहे आणि संयम ही घडण आहे. दुसरा मुद्दा विवेकाचा. अक्वायनसच्या मते विवेक म्हणजे करावयाच्या गोष्टींविषयीची यथार्थ बुद्धी. तिचे क्षेत्र सर्वसामान्य सिद्धान्तांपुरते मर्यादित नाही. या क्षणी, या माणसाशी, या परिस्थितीत काय करणे उचित, हे ती ठरवते. तिची जी अंगे तो मोजतो, त्यांत स्मृती आहे आणि दुसऱ्याकडून शिकण्याची तयारीही आहे. स्मृती हे विवेकाचे अंग मानणारा हा विचार आत्मचरित्राच्या अभ्यासकाला दुर्लक्षिता येण्यासारखा नाही.

हा विचार मराठीत आला तो शब्दांच्या वाटेने, आणि ती वाट निष्कंटक नव्हती. मराठी बायबलमध्ये पौलाच्या आत्मसंयमासाठी 'इंद्रियदमन' हा शब्द रूढ झाला. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात श्रद्धेपासून प्रीतीपर्यंत चढत जाणारी गुणांची जी साखळी आहे, तीत ग्रीक 'आरेते' म्हणजे सद्गुण यासाठी 'सात्त्विकता' आणि ईश्वरनिष्ठेसाठी 'सुभक्ती' हे शब्द आढळतात. या तिन्ही शब्दांना आपापला भूतकाळ आहे. 'सात्त्विकता' या शब्दाबरोबर सांख्यांची त्रिगुणांची सारी व्यवस्था येते. सद्गुण ही मिळवावयाची गोष्ट की मुळात असलेल्या प्रकृतीचा एक अंश, हा प्रश्न शब्दातच दडून राहतो. 'इंद्रियदमन' म्हणताच मराठी वाचकाच्या मनासमोर योगी आणि तापसी उभे राहतात. त्यातील 'दमन' हा घटक अक्वायनसच्या भाषेत निग्रहाच्या बाजूला झुकतो, संयमाच्या बाजूला झुकत नाही. भाषांतरकारांपुढे दुसरा मार्ग होता असे नाही. ज्या भाषेत शतकानुशतके शमदम, विवेक आणि वैराग्य यांची चर्चा होत आली, तीत नवा विचार जुन्या शब्दांतूनच बोलणार. मात्र त्यामुळे मराठी ख्रिस्ती माणसाच्या वाट्याला एक काम आले. शब्द जुना, त्याच्या मागचे आचार नाकारलेले, आणि नवा आशय जगूनच सिद्ध करावयाचा, अशी त्याची स्थिती झाली.

गोव्यात या प्रक्रियेचा प्रारंभ फार लवकर झाला होता. १५७९ मध्ये गोव्यास आलेला इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स याचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. जेझुइटांच्या शिक्षणक्रमात तत्त्वज्ञानासाठी ॲरिस्टॉटल आणि धर्मशास्त्रासाठी अक्वायनस प्रमाण मानला जात असे, ही गोष्ट येथे लक्षणीय ठरते. स्टीफन्सने ओवीचा आणि पुराणाचा घाट स्वीकारला. त्याच्या काव्यात ब्राह्मण श्रोता शंका विचारतो आणि पाद्री गुरू तिचे समाधान करतो. प्रश्न विचारणारी बुद्धी ही श्रद्धेची वैरीण नव्हे, हे रचनेतूनच सूचित होते. परंतु १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने देशी भाषांच्या वापरावर निर्बंध घातले आणि ही परंपरा वाढीस लागण्यापूर्वीच खुंटली. एकोणिसाव्या शतकातील प्रॉटेस्टंट मराठीला आपला प्रारंभ नव्याने करावा लागला, आणि तोही ल्यूथरच्या आक्षेपासह.

या आक्षेपामुळे मिशनच्या लेखनात एक ताण कायमचा राहिला. एकीकडे व्रते, उपवास, सोवळेओवळे यांवर टीका करताना, कर्माने माणूस शुद्ध होत नाही असे ठासून सांगितले जाई. दुसरीकडे नवख्रिस्ती माणसाकडून आचाराच्या शुद्धतेची अपेक्षा मात्र कडक असे. सद्गुणाने तारण होत नाही, पण सद्गुणावाचून तारणाची खूण पटत नाही, अशी ही कोंडी होती. तिचे उत्तर चोपडीत सापडणे कठीण होते.

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांचे 'अरुणोदय' या संदर्भात वाचण्यासारखे आहे. १८५४ मध्ये बेळगाव येथे बाप्तिस्मा घेण्यापूर्वी पदमनजी परमहंस सभेच्या वर्तुळात वावरले होते. दादोबा पांडुरंग यांच्या पुढाकाराने १८४९ मध्ये मुंबईत सुरू झालेली ही सभा जातिभेद बुद्धीला पटत नाही म्हणून तो मोडण्याची प्रतिज्ञा करी; पण ही प्रतिज्ञा बंद दाराआड पाळली जाई. १८६० मध्ये सभासदांची नावे फुटली आणि सभा विस्कटली. सद्गुणविचाराच्या भाषेत सांगावयाचे तर तेथे विवेक होता, धैर्य नव्हते. आणि प्रधान सद्गुण एकमेकांवाचून टिकत नाहीत, हा परंपरेचा जुना सिद्धान्त मुंबईच्या एका गुप्त सभेने सिद्ध करून दाखविला. पदमनजींच्या आत्मकथनाचे मर्म या अनुभवात आहे. बुद्धीने पटलेले उघडपणे आचरल्याखेरीज ते आपले होत नाही, हा त्यांचा निष्कर्ष. मात्र 'अरुणोदय'मध्ये बुद्धी मुख्यतः वादाचे साधन म्हणून वावरते. एक मत खोडावे, दुसरे स्थापावे, या चालीने कथन पुढे सरकते. बाप्तिस्मा हा त्याचा शिखरबिंदू आहे आणि पुस्तकाचे शीर्षकही उगवतीचे आहे. उजाडल्यानंतरच्या लांबलचक दिवसाला त्यात तेवढे स्थान नाही.

वादबुद्धीचा हाच स्वर नीलकंठ उर्फ नेहेम्या गोरे यांच्यातही ऐकू येतो. १८४८ मध्ये ख्रिस्ती झालेल्या या पंडिताने 'षड्दर्शन दर्पण'मध्ये षड्दर्शनांचे खंडन केले ते तर्काच्या आधाराने. पंडिता रमाबाईंच्या बाबतीत बुद्धीचा प्रश्न अधिक निकडीचा झाला. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यावर काही धर्मतत्त्वे त्यांना पटेनात, आणि सिस्टर जेराल्डिनशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. १९७७ मध्ये अ. भि. शहा यांनी संपादित केलेल्या त्या पत्रांत वादाचा विषय आज्ञापालन हा आहे. नम्रता हा ख्रिस्ती सद्गुण असेल, तर सदसद्विवेकाचा अधिकार वडीलधाऱ्यांच्या हाती सोपवावा काय? रमाबाईंचे उत्तर नकाराचे होते. स्वतःचा निर्णय स्वतः करण्याची जबाबदारी दुसऱ्यावर टाकणे ही नम्रता नव्हे, अशी त्यांची भूमिका त्या पत्रांतून दिसते. येथे विवेक वादाचे शस्त्र राहत नाही. तो व्यक्तीच्या नैतिक अस्तित्वाचा आधार बनतो.

शिस्त बाहेरून लादलेली की आतून उमललेली, हा प्रश्न नाशिकच्या परिसरात एका संस्थेच्या रूपाने उभा होता. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५० च्या दशकात नाशिकजवळ शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत वसविली. तेथे शाळेबरोबर हस्तव्यवसायाचे शिक्षण होते, आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडविलेल्या आफ्रिकी मुलांसाठी आश्रयस्थान होते. प्रार्थना, अभ्यास, श्रम यांचे वेळापत्रक हेच तेथील आत्मसंयमाचे पाठ्यपुस्तक. अशा शिस्तीतून आज्ञाधारक माणसे घडतात, असा आक्षेप घेता येतो आणि तो निराधार नाही. पण या शिस्तीत वाढलेला जेकब वेनराइट १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूसमयी आफ्रिकेत होता. त्याचे शव समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून नेण्याचा निर्णय सोबतच्या आफ्रिकी माणसांनी आपसांत घेतला. तेथे आज्ञा देणारा कोणी उरला नव्हता. बाहेरची शिस्त केव्हा आतली होते, हे शिस्त लावणाऱ्याला ठरविता येत नाही.

शरणपूरप्रमाणेच जलालपूर हे गावही नाशिकच्या परिसरातले, गोदावरीच्या काठचे. तेथे १८६८ मध्ये मनकर्णिका गोखले, म्हणजे पुढील काळातील लक्ष्मीबाई टिळक यांचा जन्म झाला. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'स्मृतिचित्रे'ला मराठी समीक्षेने मानाचे स्थान दिले आहे. पण ते देताना योजलेली विशेषणे पाहावीत : प्रांजळ, साधे, नर्मविनोदी, निर्मळ. ही सारी विशेषणे खरी असूनही अपुरी आहेत. औपचारिक शिक्षण न मिळालेल्या स्त्रीने आठवेल तसे सांगितले आणि ते आपोआप सुंदर झाले, असा त्यांचा ध्वनी आहे. त्यामुळे लेखिकेच्या स्वभावाचे कौतुक होते आणि तिच्या बुद्धीची दखल घेण्याचे राहून जाते. ई. जोसेफिन इंकस्टर यांनी १९५० मध्ये केलेल्या इंग्रजी भाषांतराला 'आय फॉलो आफ्टर' हे नाव मिळाले. पतीच्या मागून जाणारी पत्नी, हा त्याचा सहज होणारा अर्थ. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात हेच शब्द पौल स्वतःविषयी वापरतो, आणि तेथे त्यांचा अर्थ ध्येयाचा पिच्छा न सोडणे असा आहे. 'स्मृतिचित्रे'चे वाचन यांपैकी कोणत्या अर्थाने करावे, हाच वादाचा मुद्दा आहे.

या आत्मचरित्राच्या प्रारंभीच वडिलांच्या सोवळ्याचे चित्र आहे. १८५७ च्या धामधुमीत आईच्या वडिलांना फाशी झाली. त्या आघातानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याने पछाडले. बाहेरून आलेला प्रत्येक जिन्नस धुतल्याखेरीज घरात यावयाचा नाही; मीठसाखरही त्यातून सुटत नसे. वाचक हसतो, लेखिकाही हसते. पण हे चित्र पहिल्या पानांवर येते, याला विनोदापलीकडे अर्थ आहे. येथे निग्रह पराकाष्ठेचा आहे. क्षणाक्षणाला स्वतःवर आणि घरावर लक्ष ठेवणारी ही शिस्त कोणत्याही तापसाला शोभावी अशी आहे. तिच्यात नाही तो विवेक. भीतीतून जन्मलेला नियम कशासाठी पाळावयाचा, हे विसरून गेला आहे आणि त्याचा भार घरातील बायकामुलांनी वाहावयाचा आहे. 'इंद्रियदमन' या शब्दातील दमन एका घरात कोणते रूप घेते, याचे इतके नेमके दर्शन कोणत्याही धर्मचर्चेत मिळत नाही.

दुसऱ्या टोकाला नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) आहेत. रेल्वेच्या प्रवासात भेटलेल्या एका युरोपीय सहप्रवाशाने दिलेला 'नवा करार', त्यातील डोंगरावरील प्रवचनाने मनाची घेतलेली पकड आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झालेला बाप्तिस्मा, हा इतिहास सर्वश्रुत आहे. टिळकांच्या ठायी औदार्य, करुणा, सत्यनिष्ठा हे गुण ओसंडून वाहतात. पण पैसा हाती टिकत नाही, राग आवरत नाही, घर सोडून जाण्यास निमित्त पुरते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला, आणि बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोहोंना सामावणारा 'देवाचा दरबार' स्थापिला. या कृतीची उंची नाकारण्याचे कारण नाही. परंतु 'स्मृतिचित्रे' या उंचीची दुसरी बाजू, तिरस्काराचा लवलेशही न आणता, सांगते : संन्याशाच्या घरातही सकाळी चूल पेटवावी लागते. वडिलांच्या ठायी विवेकाविना निग्रह होता. पतीच्या ठायी संयमाविना सद्गुण होते.

या दोन पुरुषांच्या दरम्यान लक्ष्मीबाईंनी स्वतःचा मार्ग घडविला. पतीच्या धर्मांतरानंतर त्या लगेच त्याच्या मागे गेल्या नाहीत. ताटातुटीचा काळ गेला. एकत्र राहू लागल्यावरही त्यांची चूल वेगळीच राहिली. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा त्यानंतरच्या काळात, पतीच्या बाप्तिस्म्यानंतर सुमारे पाच वर्षांनी झाला. या मधल्या काळाचे कथन हा 'स्मृतिचित्रे'तील वैचारिकदृष्ट्या सर्वांत महत्त्वाचा भाग होय. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. तो माणसाने केला, असा निष्कर्ष त्यांनी काढला. आणि त्यानंतर सोवळे सोडले. येथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी विचार, मग आचारातील बदल, आणि त्यानंतर कालांतराने श्रद्धेचा स्वीकार. परमहंस सभेला हाच निष्कर्ष पन्नास वर्षांपूर्वी ठाऊक होता. त्यासाठी तिला बंद दारे लागली. लक्ष्मीबाईंनी तो दिवसाउजेडी, आपल्या स्वयंपाकघरात, पाण्याच्या भांड्यापाशी अमलात आणला.

अक्वायनसच्या अर्थाने हा विवेक आहे, असे म्हणताना लक्ष्मीबाईंनी अक्वायनस वाचला होता असा दावा करावयाचा नाही. अमेरिकन मराठी मिशनच्या प्रॉटेस्टंट वातावरणात ते संभवनीयही नव्हते. येथे प्रश्न प्रभावाचा नसून संकल्पनेच्या उपयुक्ततेचा आहे. ॲलस्डेअर मॅकिन्टायर यांनी 'आफ्टर व्हर्च्यू' (१९८१) या ग्रंथात असे प्रतिपादिले आहे की, सद्गुणांचा अर्थ सुट्या कृतींतून कळत नाही. संपूर्ण आयुष्याच्या कथनातील एकसंधतेतून तो कळतो. तसे असेल तर आत्मचरित्र हा सद्गुणविचाराचा केवळ पुरावा ठरत नाही. तो त्या विचाराचाच एक प्रकार ठरतो. 'स्मृतिचित्रे' हे शीर्षकच स्मृतीला अग्रस्थान देते. लक्ष्मीबाई आठवतात तेव्हा त्या तोलतात. कोणता प्रसंग किती सांगावा, कोणाच्या दोषावर किती वेळ थांबावे, स्वतःच्या चुकीचे हसू कोठे करावे, याचा अदृश्य तराजू त्यांच्या कथनात सतत हलत असतो. त्यांचा विनोदही याच तराजूचे पारडे आहे. ज्या आयुष्यात संतापास पुरेपूर कारणे होती, तेथे विनोद संतापाला नाहीसा करत नाही. तो त्याला प्रमाणात ठेवतो. हा संयम आहे, दमन नव्हे.

यावर एक आक्षेप संभवतो. हा सारा विवेक ख्रिस्ती कशावरून? सोशीक, धोरणी, हसून साजरे करणारी गृहिणी मराठी घरांत नवी नव्हती. लक्ष्मीबाईंचे गुण पारंपरिक स्त्रीधर्माचेच मानता येतील. आक्षेपात तथ्यांश आहे. परंतु पारंपरिक स्त्रीधर्मात पत्नीने पतीचा मार्ग विनाप्रश्न स्वीकारावयाचा असतो, किंवा कुळाचा आचार विनाप्रश्न पाळावयाचा असतो. लक्ष्मीबाईंनी पाच वर्षे दोन्ही नाकारले. शेवटी त्या ज्या श्रद्धेकडे आल्या, ती त्यांच्या जुन्या गुणांना पुसून टाकणारी नव्हती. त्या गुणांचे प्रयोजन तिने बदलले. जी काळजी घराच्या सोवळ्यासाठी खर्च होत असे, ती आता पोरक्यांसाठी आणि रोग्यांसाठी खर्च होऊ लागली. ऑगस्टीन सद्गुणाला सुव्यवस्थित प्रेम म्हणतो, त्याचा अर्थ याहून वेगळा नाही. पतीने अपुरे ठेवलेले 'ख्रिस्तायन' त्यांनी पुढे नेले, यालाही केवळ पतिनिष्ठा म्हणता येणार नाही.

ल्यूथरने उभी केलेली कोंडीही येथे वेगळ्या रीतीने सुटलेली दिसते. सद्गुणाचा अभिमान हे सद्गुणाचे मरण, हा त्याचा इशारा होता. 'स्मृतिचित्रे'मध्ये स्वतःच्या गुणाची नोंद जवळजवळ नाही. आहेत त्या फजितीच्या, हट्टाच्या, अज्ञानाच्या नोंदी. समीक्षेने ज्याला साधेपणा म्हटले, तो वस्तुतः एक नैतिक निर्णय आहे : आपली घडण सांगावयाची, पण तिचे श्रेय घ्यावयाचे नाही. स्टीफन्सच्या श्रोत्याने विचारलेला प्रश्न, पदमनजींनी जिंकलेला वाद, रमाबाईंनी राखलेला अधिकार, या साऱ्यांनंतर मराठी ख्रिस्ती विचार येथे येऊन पोहोचतो. त्याची भाषा आता खंडनाची नाही, मंडनाचीही नाही. ती घरात बोलली जाणारी मराठी आहे. या मराठीला विचारांची भाषा म्हणून वाचण्याची तयारी ठेवली, तर 'स्मृतिचित्रे' हा आधुनिक मराठीतील नीतिविचाराचा एक मूलभूत ग्रंथ ठरतो, आणि त्याला निव्वळ भाबडेपणाचे प्रशस्तिपत्र देणे ही समीक्षेचीच विवेकच्युती ठरते.